होडी माडावर का चढते? किनाऱ्यावर एआर लावताना या चुका टाळा

बेत साधा होता. मालवणच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्यानं फोन समोर धरावा आणि एआरमुळे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर संगणकाचं चित्र बसवून, सिंधुदुर्गाच्या पुढ्यात मराठा आरमाराची गुराब (लढाऊ जहाज) दिसावी. पहिल्याच संध्याकाळी शहाळी विकणाऱ्या मावशी फोनात डोकावल्या नि म्हणाल्या, "रे, तुझी होडी माडार चढली मरे!"

आम्ही जीपीएस आणि होकायंत्रावर विसंबलो होतो. जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर चुकतं, पण लांबच्या जहाजासाठी ते खपून जातं. घात केला होकायंत्रानं. लोखंडी रेलिंगजवळ ते बहकतं आणि दिशा १० अंश चुकली, की ३०० मीटरवरची गुराब ५० मीटरहून जास्त सरकते. कॅमेराही सावरून घेत नाही. त्याला न हलणारे कोपरे, ठिपके लागतात. लाटा सतत हलत्या, वाळू सगळी सारखी, आणि सकाळी हेरलेले खडक भरतीत गडप!

म्हणून वाटेच्या कडेला पक्का चित्रफलक लावा, आधी तो स्कॅन करायला लावा, म्हणजे फोनला आपली जागा आणि दिशा त्यावरून कळते. रेलिंगपासून थोडा लांबच. फलकावर एकसारखी नक्षी नको. आम्ही हौसेनं वेलबुट्टी काढली होती, कॅमेऱ्याला डावं-उजवं कळेना. चकचकीत लॅमिनेशनही नको. ऊन चमकलं की चित्र गायब.

उन्हाचंच आणखी एक. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे फिरायच्या वेळी सूर्य थेट कॅमेऱ्यात. चाचणी सकाळी उरकू नका, पाचच्या सुमाराला करा. बारीक अक्षरं तेव्हा दिसत नाहीत. माहिती आवाजातून द्या.

जहाज किल्ल्यामागे लपवायचा मोह टाळा. इतक्या लांबचं अंतर फोनला मोजता येत नाही, जहाज तटबंदीवरच चिकटवल्यासारखं दिसतं. लपवायचंच असेल तर तटाच्या आकाराचा, मागचं झाकणारा अदृश्य मुखवटा मॉडेलमध्ये घालावा लागतो.

ॲप डाउनलोड करायला कोणी थांबत नाही; वेबपेजच बरं. मात्र आयफोनच्या सफारीत वेबएक्सआरवरचं (ब्राउझरमध्ये एआर दाखवायच्या तंत्रावरचं) एआर चालत नाही, त्याची वेगळी सोय करा.

आणि चालता चालता काही दाखवू नका. धक्क्यावर पाय घसरला तर खाली पाणी आहे.

आमचा फलक आता मावशींच्या सावलीत आहे. शहाळं सोलता सोलता त्याच सांगतात, "हय उभे रवा, मगे दिसतला."