मनगटात नुसती लचक भरलीय का लिगामेंट गेलंय, घरी कसं बघायचं

कोल्हापुरात पेठेतल्या टीमचा गोलकीपर असू दे नाहीतर तालमीतलं पोरगं, हात टेकून पडलं आणि मनगट सुजलं की उत्तर ठरलेलं, लचक भरलीय, तेल लावून चोळ आणि कुणाकडून तरी ओढून घे. बऱ्याचदा लचकच असते म्हणा. पण दुखणं मनगटाच्या वरच्या अंगाला (म्हणजे हाताच्या पाठीकडं), अंगठ्याच्या बाजूला असेल तर ओढाओढी नको, आधी स्कॅफोलुनेट लिगामेंट काय प्रकार आहे ते बघा.

मनगटात 8 छोटी हाडं, दोन रांगांत. कोपराकडच्या रांगेत अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड, त्याला लागून लुनेट, आणि या दोघांना बांधणारी इंग्रजी सी सारखी पट्टी म्हणजे हे लिगामेंट. तळहाताकडचा, मधला आणि वरचा असे तीन भाग, खरा दम वरच्या भागात, तोच सगळ्यात जाड. स्कॅफॉइडची ओढ तळहाताकडे वाकायची, लुनेटच्या पलीकडचं ट्रायक्वेट्रम ओढतंय बरोबर उलटं, आणि लुनेट दोघांच्या मधे दोन्हीकडून बांधलेलं म्हणून जागेवर राहतं. पट्टी तुटली की स्कॅफॉइड पुढं झुकतं, लुनेट मागं कलतं, मग दंड मारताना नाहीतर खुर्चीला हात टेकून उठताना कळ येते, कधी कट्‌ असा आवाज पण येतो.

आता जागा शोधा. मनगटाच्या पाठीकडं, कोपराकडून येणाऱ्या अंगठ्याकडच्या हाडाच्या टोकावर बोट फिरवलं की बारीक उंचवटा लागतो, त्याच्यापासून बोटांकडे साधारण 1 सेंटीमीटर सरका, मनगट थोडं खाली वाकवा, मऊ खळगा लागेल. तिथं दाबा, मग चांगल्या हाताला पण तसंच दाबून बघा. एकाच हाताला कळ आली तर संशय धरा (खात्री नाही हां, नुसता संशय). अंगठा ताणल्यावर मुळाशी जो खड्डा पडतो तिथं दुखत असेल तर स्कॅफॉइड मोडलेलं असू शकतं, आणि ते पहिल्या एक्सरेत कधीकधी दिसतच नाही, म्हणून 10-14 दिवसांनी परत काढायला सांगतात.

तोवर पट्टा बांधा, बर्फ लावा, चोळू नका. हाडाच्या डॉक्टरकडे गेलात की मूठ घट्ट आवळून दोन्ही मनगटांचा एक्सरे काढायचा का एवढं विचारा, कारण हात सैल ठेवून काढलेला एक्सरे नॉर्मल येऊ शकतो, मूठ आवळली की दोन हाडांतली फट उघडी पडते. 3 मिलिमीटरच्या वर फट आणि दुसऱ्या हाताला तेवढी नाही, तर मामला गंभीर. पुढं एमआरआय, तरी शंका राहिली तर दुर्बीण घालून बघतात.

अर्धवट फाटलं असेल तर बऱ्याचदा पट्टा आणि फिजिओवर भागतं. पूर्ण तुटलं असेल तर ऑपरेशन, आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच बरं, नंतर तुटलेली टोकं आखडतात, सांधायला काही उरत नाही. वर्षानुवर्षं तसंच रेटलं तर मनगटाची झीज सुरू होते.

आणि दंड परत चालू करायचे असतील तर फिजिओ हो म्हणाल्यावरच, आधी मुठीवर, मनगट सरळ ठेवून.