निवडणूक पद्धत बदलायची आहे? ब्रिटिश कोलंबियाने केलेल्या या चुका टाळा

2001 साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लिबरल पक्षाला सुमारे 58 टक्के मतं पडली आणि 79 पैकी 77 जागा मिळाल्या. त्याआधी 1996 मध्ये तर याच पक्षाला सर्वाधिक मतं पडूनही सरकार न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचं (एनडीपी) आलं होतं. पद्धत बदलायला हवी हे पटायला आणखी काय लागतं? तरी तीन सार्वमतं होऊनही ती बदलली नाही.

सगळ्यात महागात पडली ती उंबरठ्याची, म्हणजे ठराव मंजूर व्हायला किती मतं लागतील या अटीची चूक. 2004 मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 160 सामान्य नागरिकांच्या सभेने वर्षभर अभ्यास करून एकल संक्रमणीय मत पद्धत (एका मतदारसंघातून अनेक जण निवडायचे आणि मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा) सुचवली. 2005 च्या सार्वमतात तिला जवळपास 58 टक्के मतं मिळाली, 79 पैकी 77 मतदारसंघांत बहुमतही मिळालं. पण अट होती 60 टक्क्यांची, ठराव पडला! ज्या आकड्यावर सरकारला जवळपास अख्खं सभागृह मिळालं, तोच आकडा जनतेच्या ठरावाला अपुरा पडला. अट घालायचीच तर ती कोण घालतंय हे आधी बघा.

दुसरी चूक, तपशील नंतर ठरवू म्हणणं. 2018 मध्ये लोकांपुढे तीन पर्याय ठेवले. त्यातले दोन त्या रूपात जगात कुठेच वापरात नव्हते. मतदारसंघांचे नकाशेही पुढे होणार होते. आपला आमदार कोण हेच कळत नसेल, तर माणूस जुन्यालाच चिकटतो. 61 टक्के चिकटले.

पसंतीक्रम दिला की जागा मतांच्या प्रमाणात मिळतात, हाही गैरसमजच. आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीत एकाच वेळी अनेक जागा भरायच्या असल्या की पसंतीक्रमाने प्रमाण साधतं. जागा एकच असेल तर जिंकणाराही एकच. ब्रिटिश कोलंबियाने 1952 मध्ये एका जागेसाठी पसंतीक्रम वापरला. दोन पक्षांच्या सत्ताधारी आघाडीने तो आणला होता सीसीएफ या डाव्या पक्षाला रोखायला. सीसीएफला पहिल्या पसंतीची मतं सर्वाधिक पडली, सत्ता मात्र गेली सोशल क्रेडिट पक्षाकडे, आणि आघाडीचे दोन्ही पक्ष मागे पडले.

मतदान किती झालं तर निकाल मानायचा, हेही आधीच लिहून ठेवा. कॅनडाच्याच प्रिन्स एडवर्ड आयलंड प्रांतात 2016 च्या सार्वमतात मिश्र प्रमाणशीर पद्धत (काही जागा मतदारसंघांतून, बाकीच्या पक्षांच्या मतांच्या प्रमाणात) जिंकली, पण मतदान कमी झालं म्हणून सरकारने निकाल बाजूला ठेवला. 2019 ला पुन्हा विचारलं, तेव्हा थोडक्यात ‘नाही’ आलं.