न जेवताही साखर का चढते? यकृत, बेसल आणि रात्रीची चाचणी

रात्री झोपताना साखर 130. मध्ये पाण्याशिवाय काही पोटात गेलं नाही, आणि सकाळी मीटर 210 दाखवतो. घरातून हमखास प्रश्न येतो, "रात्री काय खाल्लंस?" टाइप वन मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो) असलेल्याचं "काहीच नाही" हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. ती साखर यकृतानं सोडलेली असते.

यकृत म्हणजे साखरेचं कोठार. जेवणानंतर मोठ्या माणसाच्या यकृतात साधारण 80 ते 100 ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठतं. पोट रिकामं झालं की तेच थोडं थोडं रक्तात उतरतं, शिवाय यकृत प्रथिनांच्या घटकांपासून नवीन ग्लुकोजही बनवतं. हा वेग वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे 2 मिलिग्रॅम असतो. 60 किलोच्या माणसाचा हिशेब केला तर तासाला सात ग्रॅम, आठ तासांच्या झोपेत 55-60 ग्रॅम, म्हणजे चहाचे अकरा-बारा चमचे साखर. मेंदूला रात्रभर ग्लुकोज लागतंच, त्यामुळे हा पुरवठा बंद पाडायचा नसतो, आवरायचा असतो. ते काम इन्सुलिनचं. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातलं इन्सुलिन आधी थेट यकृतात जातं. इन्सुलिन पेननं टोचलेलं मात्र कातडीखालून सगळ्या शरीरात पसरतं आणि यकृताच्या वाट्याला त्या मानानं कमी येतं.

म्हणून बेसल, म्हणजे दिवसातून एक-दोनदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन, जेवणासाठी नसतं. ते यकृताला आवरण्यासाठी असतं. उपासाच्या दिवशी "खाणारच नाही तर इन्सुलिन कशाला" म्हणून ते बंद करणं धोक्याचं आहे. इन्सुलिन नसलं की यकृत साखर तर सोडत राहतंच, वर चरबीपासून कीटोन नावाची आम्लंही बनवायला लागतं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला तर थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. उपासाला बेसल थोडं कमी करायचं का, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा. आणि एकादशी दुप्पट खाशी असा बेत असेल तर साबुदाण्याच्या खिचडीचं बोलस, म्हणजे खाण्यासाठीचं झटपट इन्सुलिन, वेगळं मोजून घ्या. ती बशीभर पिष्टच आहे.

आता आपलं बेसल पुरतं की नाही, हे रात्रीच्या चाचणीनं कळतं. रात्र निवडताना ताप-सर्दी, त्या दिवशीचा जड व्यायाम, दारू आणि गेल्या 24 तासांतलं 'लो' (साखर 70 च्या खाली जाणं) यांपैकी काहीही नसावं. संध्याकाळी सातच्या आत जेवा: दोन पोळ्या-भाजी किंवा मोजलेला वरण-भात. बिर्याणी, पनीर, तळण नको. तेल-तूप आणि प्रथिनं पचायला वेळ घेतात, मग अकरानंतर चढलेली साखर यकृताची की जेवणाची, हे उमगत नाही. जेवणाच्या बोलसचा असर चारेक तासांत ओसरतो, म्हणून मोजणी अकराला सुरू करा. तेव्हा साखर 100 ते 180 मध्ये नसेल तर चाचणी दुसऱ्या दिवशी. मग 1, 3, 5 आणि 7 वाजता मोजा आणि आकडे वहीत लिहा. सीजीएम (अंगावर लावलेला, सतत साखर मोजणारा सेन्सर) असलं तरी कमी आकडा दिसला की बोटावर एकदा तपासा. सेन्सरच्या दंडावर अंग टाकून झोपलं की तो खोटाच 'लो' दाखवतो. साखर 70 च्या खाली गेली तर चाचणी तिथेच थांबवा, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. 250 च्या वर गेली तरी थांबवा, कीटोन तपासा आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे करेक्शन, म्हणजे साखर उतरवायचा जादा डोस, घ्या.

रात्रभरात फरक 30 च्या आत असेल तर बेसल ठीक. अकरापासूनच सरळ चढत गेली तर डोस कमी पडतोय, उतरत गेली तर जास्त होतोय. तीनपर्यंत सपाट आणि मग चढ असेल तर तो पहाटेच्या हार्मोनांचा खेळ: ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल यकृताला साखर सोडायला लावतात. नेमकी इथेच चूक होते. सकाळचा आकडा बघून बेसल वाढवलं जातं आणि रात्री दोनला 'लो' होते. इन्सुलिन पंप असेल तर फक्त त्या तासांचा वेग वाढवता येतो. पेनवर असाल तर इन्सुलिनची वेळ किंवा प्रकार बदलायचा का, ते डॉक्टर ठरवतील. एका रात्रीवर विसंबू नका, दोन-तीन रात्री बघा. बदल एका वेळी दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, आणि डेग्लुडेक हे फार लांब पल्ल्याचं बेसल असेल तर पुढचा बदल करण्याआधी तीन-चार दिवस जाऊ द्या. मुलांचा डोस घरच्या घरी बदलू नये.

"रात्री लो झाली असणार, म्हणून यकृतानं साखर ओतली," असं सकाळच्या चढलेल्या आकड्यावर सर्रास म्हटलं जातं. टाइप वनमध्ये काही वर्षांतच 'लो'ला उत्तर म्हणून ग्लुकागॉन (यकृताला साखर सोडायला लावणारं हार्मोन) सुटणं मंदावतं, त्यामुळे यकृत आपणहून सावरेल हा भरवसा धरू नये. 'लो' झाल्यावर घाबरून खाल्लेली अर्धी बर्फी हे कारण जास्त वेळा सापडतं. तीनचा आकडा हाताशी असला की वाद मिटतो.

गडावरच्या दिवसभराच्या ट्रेकनंतर स्नायू आणि यकृत आपली रिकामी कोठारं रक्तातल्या साखरेतून भरून काढतात. त्या रात्री बेसल 20 टक्क्यांपर्यंत कमी करण्याचा सल्ला डॉक्टर बरेचदा देतात. दारूचं त्याहून वाईट. यकृत ती पचवण्यात गुंततं, नवीन ग्लुकोज बनवणं मंदावतं, आणि साखर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कधीही कोसळू शकते. अशा वेळी ग्लुकागॉनचं इंजेक्शनही नीट लागू पडेलच असं नाही. रिकाम्या पोटी पिऊ नका, झोपण्याआधी साखर मोजून काहीतरी खा, तीनचा गजर लावा आणि खोलीत झोपणाऱ्याला सांगून ठेवा: हाक मारून उठला नाही तर "चढलीय, झोपू दे" म्हणायचं नाही, आधी बोट टोचून साखर बघायची.