वहीतला ‘घाबरला’ हा शब्द

सोलापुरात बीएस्सी प्राणिशास्त्र करताना मला मेंदूवर काम करायचं होतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत मेंदू होता तो बरणीतला. सर म्हणाले, “आधी नान्नजला जाऊन बस.”

बार्शी रस्त्यावरचं माळढोक अभयारण्य. माळढोक मला दिसला नाही, काळविटांचे कळप मात्र भरपूर. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं : ‘कुत्रं आलं, मादी घाबरली. काळा नर आला, लहान नर घाबरला.’ सरांनी दोन्ही ठिकाणी लाल गोल केला. “भीती दिसली का तुला? दिसलं ते लिही.”

मग लिहू लागलो : मान वर, कान कुत्र्याकडे, चरणं बंद, अकरा सेकंद, मग उडी. लहान नराचं वेगळंच. मान खाली, अंग चोरून बाजूला, आणि लगेच पुन्हा चरायला. एका शब्दाखाली मी दोन निराळ्या गोष्टी झाकल्या होत्या.

पुढे एमएस्सीला २०१३ सालचा उंदरांवरचा अभ्यास वाचला आणि ती पानं आठवली. हायपोथॅलॅमस म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग. त्यातल्या शिकाऱ्याच्या भीतीशी जोडलेल्या पेशींचं काम थोपवलं, की ती भीती ओसरते. पण आपल्याच जातीतल्या मारकुट्या उंदराची भीती तशीच राहते. काळविटातही असंच असेल, असं यावरून म्हणता येत नाही. पण प्रश्न कसा विचारायचा ते कळतं.

मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक पेशींचा पुंजका असतो, अमिग्डाला. नव्या मुलांना ‘अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र’ हे पाठ असतं. १९३० च्या दशकात क्ल्यूव्हर आणि ब्यूसी या संशोधकांनी माकडांच्या मेंदूचे कानशिलाकडचे भाग काढले, तेव्हा ती सापालाही बिचकेनाशी झाली. अमिग्डाला त्याच भागात असतो. मात्र दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या माणसांना कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दिली, तेव्हा ती भयंकर घाबरली. म्हणून ते वाक्य परीक्षेपुरतंच ठेवा.

सुरुवातीला प्रयोगशाळा नसली तरी अडत नाही. एक प्राणी निवडायचा, दहा मिनिटं फक्त त्याच्यावर नजर. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या अशा पद्धती नीट मांडल्या. वनखात्याची परवानगी आधी काढा, उजाडायच्या आत पोहोचा.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल, तर विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज कराच. माझ्या अर्जात वहीबद्दल दोनच ओळी होत्या. पुढे ज्या प्रयोगशाळेत गेलो, तिथल्या मॅडमनी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि विचारलं, “अकरा सेकंद कशावरून मोजले?”