एलएलएम करताय? गोव्यातल्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

एलएलएमच्या, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘पुढे काय?’ विचारलं की गोव्यात ठरलेली उत्तरं येतात. जज्ज, लेक्चरर, नाहीतर ‘बघूया, आधी पास तर होऊ दे’. शेवटचं उत्तर निदान प्रामाणिक असतं. पहिली दोन देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या पदाची एकही जाहिरात शेवटपर्यंत वाचलेली नसते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पदवी एक असली तरी पुढच्या प्रत्येक वाटेचा हिशेब निराळा आहे. कुठे वकिलीची वर्षं मोजतात, कुठे वय, कुठे नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, कुठे रहिवासाचा दाखला. ‘पदवी हातात आली की ठरवू’ म्हणणाऱ्याला तेव्हा कळतं की वर्गात बसल्या बसल्या एखाद्या वाटेची मुदत संपत आलीय.

‘सनद काय, नंतर काढू’

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एलएलबीचा निकाल लागला, लगेच एलएलएमला प्रवेश मिळाला, मग सनदेची, म्हणजे बार कौन्सिलकडून मिळणाऱ्या वकिलीच्या परवान्याची, घाई कशाला, असा विचार होतो. २० मे २०२५ पूर्वी तो खपून जायचा. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरती सनद मिळाल्यापासून मोजायची, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे सनद पुढे ढकलली की न्यायाधीशाच्या परीक्षेचा अर्जही तेवढाच पुढे जातो. एलएलएम आहे म्हणून कुणी सूट देत नाही. या अटीचा तपशील भरतीच्या जाहिरातीत येतो, तेव्हा ताजी जाहिरात वाचल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावर विसंबू नका.

पैशांचं कारण आता फारसं उरलेलं नाही. बार कौन्सिलांनी सनदेसाठी कायद्यात ठरलेल्यापेक्षा जास्त शुल्क घेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. खुल्या गटासाठी ती रक्कम ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. मुद्रांक शुल्क वेगळं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हायचं. परीक्षेत टिपा नसलेले मूळ कायदे जवळ ठेवता येतात, त्यामुळे तिची धास्ती बाळगायचं कारण नाही. पण ‘पुस्तकं उघडूनच लिहायचीय’ म्हणून कायदा न उघडता जाणारे त्यात आपटतात, हेही खरं.

सनद काढून कपाटात ठेवली तर तिचा उपयोग नाही. एलएलएमची दोन वर्षं आपोआप वकिली म्हणून धरली जातील असं मानू नका. तीन वर्षांचा दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याकडून घ्यावा लागतो किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून, आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची मोहर लागते. उद्या तुमच्यासाठी सही करणाऱ्याने तुम्हाला कोर्टात पाहिलेलं तरी असायला हवं. तास सकाळचे असतील तर दुपारी म्हापशाला, पणजीला किंवा मडगावला एखाद्या सिनियरकडे बसा. वकालतनाम्यावर नाव घाला. कुठल्या तारखेला कुठल्या प्रकरणात हजर होतात याची वही ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण तीन वर्षांनी तीच वही कामाला येते.

एलएलएम सनदेशिवायच पूर्ण झालं असेल तर रडत बसण्यापेक्षा दोन गोष्टी करा. सनदेचा अर्ज आज भरा आणि उच्च न्यायालयाच्या लॉ क्लार्कच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या संशोधन सहायकाच्या, जाहिरातींवर नजर ठेवा. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम त्या तीन वर्षांत धरायला निकालाने मुभा दिली आहे. पर्वरीला उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीत रोज संशोधन, टिपणं आणि निकालांचं वाचन करून मिळणारं शिक्षण कुठल्या सेमिनारमध्ये मिळत नाही, हा आणखी एक फायदा.

याच धाग्यातली दुसरी चूक म्हणजे पूर्ण वेळ पगारी नोकरी धरायची आणि सनदही तशीच चालू ठेवायची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्ण वेळ पगारदाराला वकिली करता येत नाही, सनद स्थगित करावी लागते. ‘कोण बघतंय’ म्हणून गप्प राहिलात तर पुढे अनुभवाच्या दाखल्याच्या वेळी प्रश्न येतो. शिकवण्याच्या बाबतीत मात्र १९७९ चे वेगळे नियम आहेत. दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवून वकिली चालू ठेवता येते. ज्यांना वर्ग आणि कोर्ट दोन्ही हवेत, त्यांनी हा नियम छापून जवळ ठेवावा.

‘एलएलएम झालं म्हणजे लेक्चरर झालो’

मिरामारचं साळगावकर असो की मडगावचं कारे, सहायक प्राध्यापकाच्या कायम जागेसाठी ५५ टक्क्यांच्या एलएलएमबरोबर नेट किंवा सेट लागतेच. पीएचडीतून सूट मिळण्याच्या तरतुदी आहेत, पण तिची वाट बघत नेट टाळणं म्हणजे लांबचा रस्ता. नेट वर्षातून दोनदा होते, शेवटच्या वर्षात असतानाच देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरी मुलं ‘आधी डिझर्टेशन (एलएलएमचा प्रबंध) होऊ दे’ म्हणून दोन संधी सोडून देतात. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी घेतं, म्हणजे ती आपल्यालाही चालते. आपल्याकडच्या काहींना हे एलएलएम संपल्यावर कळतं.

नेट-सेट नसताना ‘लेक्चर बेसिस’वर शिकवायला लागणं वाईट नाही. एक सत्र, दोन सत्रं. मात्र तासावर मिळणाऱ्या पैशांची सवय लागली की अभ्यास मागे पडतो आणि पाच वर्षांनी माणूस तिथेच असतो. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये घेऊन संशोधन करता येतं. तिला ३० वर्षांची वयोमर्यादा आहे, एलएलएमवाल्यांना तीन वर्षांची सूट आहे. हे वर्गात कुणी सांगत नाही, माहितीपत्रकात मात्र छापलेलं असतं.

पायाखालचा कायदा सोडून बाकी सगळं शिकणं

मला सर्वात जास्त खटकते ती ही चूक. आपल्याकडची मुलं हिंदू वारसा कायदा, १९५६ तोंडपाठ करतात आणि गोव्यातल्या हिंदूच्या वारशाला तो लागूच होत नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. वारसाहक्काचा तिचा भाग आता २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रोसिडिंग कायद्यात आला आहे. तो डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत यावर एखादा परिच्छेद असतो. गोव्यातल्या सिनियरच्या टेबलावर यावरच्या फायलींचा ढीग असतो.

एक साधं उदाहरण घ्या. म्हापशातले एक गृहस्थ वारले. पत्नी, दोन मुलं, लग्नानंतर घेतलेलं एक घर, मृत्युपत्र नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक. म्हणजे घराचा अर्धा हिस्सा पत्नीचाच आहे, तो वारशात येतच नाही. उरलेला अर्धा दोन मुलांमध्ये, प्रत्येकी पाव. गृहस्थांनी मृत्युपत्र केलं असतं तरी स्वतःच्या अर्ध्यातला अर्धाच भाग मर्जीप्रमाणे देता आला असता, बाकीचा मुलांना राखीव. आता दोघं भाऊ वाटणीवर अडले की इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणीची कारवाई, सुरू होते. मालमत्तेची यादी, हरकती, मग लिसिटेशन, म्हणजे वारसांमधलीच बोली. ज्याची बोली वर, त्याला घर. तो इतरांचा हिस्सा पैशांत चुकता करतो, त्याला आपल्याकडे ओवेल्टी म्हणतात. लंडनला राहणारा धाकटा भाऊ जर अधिकारपत्र पाठवायला विसरला असेल तर काय होतं, हे शिकायचं असेल तर कोर्टात बसायलाच हवं.

हे शिकलेल्या माणसाला काम फक्त गोव्यात मिळतं, असाही एक गैरसमज आहे. होझे पावलो कुतिन्हो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता मुंबईत असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू. मुंबईच्या लॉ फर्मना, बँकांना, गोव्यात घर घेणाऱ्या दिल्लीकरांना हे समजावून सांगणारा माणूस लागतो. पती-पत्नी दोघांच्या सह्यांशिवाय गोव्यातलं घर विकता येत नाही, एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने किती व्यवहार अडकतात ते कुठल्याही सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयाबाहेर उभं राहून विचारा.

जमिनीचंही तसंच. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव म्हणजे मालकी सिद्ध, असं समजणारे एलएलएमचे विद्यार्थी आहेत. त्याच्या मागे पोर्तुगीज काळची नोंद, कोमुनिदादचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) हक्क, कुळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) असं बरंच काही दडलेलं असू शकतं. बनावट कागदांवर जमिनी हडपल्याच्या तक्रारींसाठी २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. जुना पोर्तुगीज विक्रीलेख वाचू शकणारे तरुण वकील किती आहेत? पणजीत पोर्तुगीज शिकायची सोय आहे. बोलता नाही आली तरी चालेल, दस्तऐवज वाचण्यापुरती शिका. माझ्या मते या घडीला गोव्यातल्या एलएलएम विद्यार्थ्याने वेळ घालवण्याजोगं याहून चांगलं कौशल्य नाही.

डिझर्टेशनचा विषय कुणालाही चालेल असा घेणं

‘भारतातील महिलांचे हक्क : एक चिकित्सक अभ्यास’. असा विषय घेतला की शोधगंगेवरून, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातून, कापाकापी सुरू होते आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांची मजकुरातल्या साम्याची १० टक्क्यांची मर्यादा ओलांडून गाडी अडते. त्यापेक्षा १९७५ च्या मुंडकार कायद्याखालची प्रकरणं एखाद्या मामलेदाराकडे किती काळ पडून राहतात, हे माहिती अधिकाराचा अर्ज करून शोधा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ खाण लीजची नूतनीकरणं रद्द केली, त्यानंतर डिचोली-सांग्यातल्या कामगारांच्या दाव्यांचं काय झालं ते बघा. असं डिझर्टेशन मुलाखतीत टेबलावर ठेवता येतं. विषय आधीच मंजूर झाला असेल तर मार्गदर्शकाशी बोलून निदान एक प्रकरण गोव्याच्या माहितीवर लिहा.

स्पेशलायझेशनचं नाव बघून नोकरी गृहीत धरणं

बौद्धिक संपदेत एलएलएम केलं म्हणजे पेटंट एजंट होता येतं, असं अनेकांना वाटतं. त्या परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. बीए एलएलबीवाल्याने ट्रेडमार्क, कॉपीराइट आणि करारांकडे वळावं. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांपासून कळंगुटच्या हॉटेलांपर्यंत त्याला काम आहे. सैन्याच्या जज ॲडव्होकेट जनरल शाखेसाठी वय २१ ते २७ आणि क्लॅट पीजी या एलएलएमच्या प्रवेश परीक्षेचे गुण लागतात. इथल्याच कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून क्लॅट पीजी न दिलेल्यांना हे फार उशिरा समजतं. काही सार्वजनिक कंपन्याही कायदा अधिकारी निवडताना तेच गुण बघतात. लैंगिक छळ प्रतिबंधक समित्यांवरचा बाहेरचा सदस्य, मध्यस्थी, डेटा संरक्षण, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची बचाव वकिलांची योजना, हीही कामं आहेत. सुरुवातीला पैसे बेताचेच.

लिहिता न येणं, आणि तपासता न येणं

एलएलएमवाला वीस पानी निबंध लिहितो, पण दोन पानी नोटीस लिहायला सांगितली की अडतो. महिन्याला एक नोटीस, एक करार आणि एका निकालाचा एका पानात सारांश, असं सिनियरकडून लाल शाई मारून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तरी त्याआधीचे गुन्हे जुन्या दंड संहितेखालीच चालतात. म्हणून खुनाचं जुनं कलम ३०२ आणि नवं १०३ दोन्ही डोक्यात हवेत. आणि एआयने दिलेला निवाडा मूळ निकाल उघडून पाहिल्याशिवाय अर्जात घालू नका. अस्तित्वातच नसलेले निवाडे देशातल्या न्यायालयांसमोर ठेवले गेले आहेत आणि न्यायाधीशांनी त्यावर कान उपटले आहेत.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ठेवणं

गोवा लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत बहुधा गोव्यातल्या १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात, कोकणीचं ज्ञान अनिवार्य आणि मराठीचं इष्ट असतं. आपल्या घरात मराठी बोलतात, कोकणी कळते, एवढ्यावर थांबू नका. मुलाखतीत कोकणीत उत्तर द्यावं लागू शकतं, आणि साक्षीदाराला ‘तुवें कितें पळयलें?’ विचारता आलं नाही तर सहायक सरकारी वकिलाने करायचं काय? रहिवासाचा दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो. बारावीनंतर शिक्षणासाठी बेळगावला किंवा पुण्याला राहिला असाल तर त्या वर्षांचे पुरावे आधीच गोळा करून ठेवा. जाहिरात आल्यावर खिडकीसमोर तुमच्यासारखेच आणखी पन्नास जण उभे असतात.