वॉटर स्प्लिटिंगवर पीएचडी करायचीय? आधी मोजमाप पक्कं करा

एमएससी करून नुकतेच लॅबला लागलेले बरेच जण विचारतात की इलेक्ट्रोकॅटॅलिस्टमध्ये (विजेने पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फोडायचं काम सोपं करणारं मटेरियल) सुरुवात कुठून करायची, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

नवीन मटेरियल बनवायची घाई करू नका. पावडर झाली, सेममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) फुलासारखं काहीतरी दिसलं की भारी वाटतं, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. पाणी फोडायला थिअरीप्रमाणे 1.23 व्होल्ट पुरे, प्रत्यक्षात जास्त लागतात आणि त्या जास्तीतला मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूला जातो, कारण तिथे एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात. ॲसिडमध्ये तिथे इरिडियम त्यातल्या त्यात टिकतं, पण ते अतिशय दुर्मिळ, म्हणून अल्कलाइनमध्ये निकेल-आयर्नवर एवढी मेहनत चालते.

आता हे नीट वाचा. बाटलीतल्या साध्या केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपलं अल्कलाइन द्रावण) लोखंडाचा अंश असतो, निकेल हायड्रॉक्साइड तो ओढून घेतं आणि ॲक्टिव्हिटी एकदम वर जाते, म्हणजे श्रेय तुमच्या डोपिंगला (मुद्दाम मिसळलेल्या दुसऱ्या मूलद्रव्याला) आणि काम केलेलं असतं लोखंडाने! कॉरिगन या संशोधकाने 1987 मध्येच हे दाखवलं होतं, 2014 मध्ये बॉचरच्या ग्रुपने पुन्हा नीट मांडलं, आणि त्यांची केओएच साफ करायची पद्धतही सोपी आहे: शुद्ध निकेल हायड्रॉक्साइडचा साका केओएचमध्ये हलवायचा, लोखंड त्याला चिकटतं, मग सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण घ्यायचं. साफ आणि साध्या केओएचमधले दोन्ही सीव्ही (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत मोजलेला करंट) एकाच ग्राफवर टाका, तुमच्या गाइडलाही बोलायला काहीतरी ठोस मिळेल.

हायड्रोजनच्या बाजूचा कॅटॅलिस्ट तपासताना काउंटरला (सर्किट पूर्ण करणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रोडला) प्लॅटिनम वायर लावू नका, ती विरघळून तुमच्या इलेक्ट्रोडवर बसते, ग्रॅफाइट रॉड घ्या. रेफरन्सला (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो तो इलेक्ट्रोड) मर्क्युरी-मर्क्युरी ऑक्साइड, आणि तो अधूनमधून आरएचईशी (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडशी) ताडून बघायचा, पुस्तकातला आकडा डोळे झाकून टाकायचा नाही. निकेलच्या ऑक्सिडेशनचा पीक ऑक्सिजनच्या करंटमध्ये मिसळतो म्हणून ओव्हरपोटेन्शियल (थिअरीपेक्षा जास्तीचे लागलेले व्होल्ट) परतीच्या स्कॅनवरून काढा.

लॅबमधल्या नेहमीच्या, दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलीॲम्पिअरवर थांबू नका. कंपन्यांचे अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर 70-80 डिग्रीला, 30 टक्क्यांच्या आसपास केओएचमध्ये, कितीतरी जास्त करंटवर चालतात, आणि 2023 मध्ये मंजूर झालेल्या नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशनचं 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं टार्गेट आहे, म्हणजे या कामाला माणसं लागणारच. पुढे इंडस्ट्रीत जायचं असेल तर टिकाऊपणाचा डेटा आत्तापासून जमवा, आणि टेस्टनंतर द्रावणात किती धातू उतरला तेही आयसीपीवर (द्रावणातला धातूचा अंश मोजणारं मशीन) तपासून ठेवा.