किशोरांसाठी श्रद्धाकथा कशी लिहावी आणि कशी शिकवावी

अलिबागच्या किनारपट्टीवर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला शेजारचे गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण तेल गाळण्याचा व्यवसाय करणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यांची प्रार्थना गावाला कळत असो वा नसो, बंद घाणा मात्र सर्वांना दिसत होता. तेरा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी श्रद्धेवर आधारलेली कथा लिहू इच्छिणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. पात्राची श्रद्धा त्याच्या कृतीतून दिसते, आणि त्या कृतीपायी त्याने सोसलेल्या नुकसानीतून अधिक ठळक होते.

म्हणून लेखनाची सुरुवात विचारापासून न करता एका कृतीपासून करावी. रत्नागिरीकडच्या गावातील शिमगा घ्या. ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, अंगणात नाचवली जाते, घरातील बायका देवीची ओटी भरतात. वाडीची वर्गणी सांभाळायला दिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने त्यातले काही पैसे मोबाइलच्या दुरुस्तीवर खर्च केले आहेत, आणि आज रात्री पालखी त्याच्याच अंगणात येणार आहे, एवढी सामग्री पहिल्या कथेला पुरते. ढोलाचा आवाज चार घरांवर आला, मग तीन घरांवर, की वाचकाच्या पोटातही गोळा येतो. त्याला ‘देव सर्व पाहतो’ असे निराळे सांगण्याची गरज उरत नाही.

त्यानंतर प्रथेची खातरजमा करावी. कोकणात एका गावची रीत खाडीपलीकडच्या गावात चालेलच असे नाही. पालखीला खांदा कोणी द्यायचा, मान कोणाचा, पालखी कोणत्या वाटेने जाते, हे गुरवांना आणि मानकऱ्यांना विचारूनच लिहावे. उरूस, नाताळ किंवा बुद्ध जयंती यांविषयी लिहिणारा स्वतः त्या धर्मातला नसेल, तर कच्चा खर्डा त्या समाजातील जाणत्या व्यक्तीला वाचून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. किशोर वाचक आपल्या घरातली चूक ताबडतोब ओळखतो आणि तेथेच पुस्तक मिटतो.

तिसरी पायरी सर्वांत अवघड आहे, आणि तिच्यापाशी मी स्वतः बराच काळ अडखळलो. देवाकडून कथानकाचा गुंता सोडवून घेऊ नये. नारळी पौर्णिमेला आई समुद्राला नारळ अर्पण करते, पुढे वादळ येते, आणि वडिलांची होडी सुखरूप परतते, अशी एक कथा मी लिहिली होती आणि गावच्या वाचनालयातील वर्गात मोठ्या समाधानाने वाचून दाखवली होती. वर्ग सुटल्यावर मच्छीमार कुटुंबातील एक मुलगी मागे थांबली आणि म्हणाली, ‘‘सर, माझ्या आईनेपण नारळ दिला होता.’’ तिचे वडील परतले नव्हते. त्या कथेने, माझ्या मनात नसताना, तिच्या आईची प्रार्थना कमी पडली असे तिला सांगितले होते. ती कथा मी पुन्हा लिहिली. नव्या मांडणीत होडीचे काय झाले हे पहिल्याच पानावर कळते, आणि पुढच्या वर्षीच्या पौर्णिमेला आई नारळ घेऊन किनाऱ्यावर जाईल का, आणि गेलीच तर मुलगी तिच्याबरोबर जाईल का, यावर सगळी कथा उभी राहते.

कौलाच्या, म्हणजे देवाला विचारून त्याचा होकार-नकार घेण्याच्या, प्रसंगालाही हेच लागू आहे. उजवा कौल, म्हणजे होकार, आला म्हणून वर्गणीतले पैसे खर्चणारा तो मुलगा खरे बोलला, तर निर्णय त्याचा राहत नाही. कौल लागण्यापूर्वीच तो पुढे होऊन बोलला, तर राहतो.

शंका लिहिताना हात आखडता घेऊ नये. पाळीच्या दिवसांत देवळात का जायचे नाही, नवस फेडूनही आजी का गेली, दुसऱ्या वाडीतल्या मित्राला पालखीपासून दूर का उभे केले, हे प्रश्न या वयातील मुलांना खरोखर पडतात. ते प्रश्न पात्राने पूर्ण जोराने विचारावेत आणि उत्तरादाखल आजोबांचे दीड पानी भाषण देऊ नये. आजोबांनाही उत्तर सापडत नसेल, तरी संध्याकाळी ते देवापुढे दिवा लावतात, एवढे दाखवावे.

भाषेसाठी देवापुढे घातले जाणारे गाऱ्हाणे कान देऊन ऐकावे. देवतांना नावाने हाक, कोणाच्या वतीने बोलणे चालले आहे त्याचा उल्लेख, मग मागणे, आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेल्यांचे ‘व्हय म्हाराजा’, असा सिंधुदुर्गातल्या गाऱ्हाण्याचा घाट असतो. माणसे देवाशी किती रोकठोक बोलतात हे त्यातून कळते. निवेदन प्रमाण मराठीत ठेवले तरी संवाद मालवणीत किंवा संगमेश्वरीत येऊ द्यावेत.

आता शिकवण्याविषयी. वर्ग मे महिन्याच्या सुट्टीत घ्यावा, कारण तेव्हा मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची मुलेही गावात असतात. गावातले एक आणि मुंबईचे एक अशी जोडी बसवली की गावच्या मुलाला सवयीचे झालेले पाहुण्याला दिसते. आठ ते दहा मुले पुरेत. पहिल्या दिवशी त्यांना देवराईत किंवा देवळाच्या सभामंडपात तासभर नुसते बसवावे, आणि मग पाहिलेल्या, ऐकलेल्या, वास आलेल्या गोष्टींवर एक पान लिहायला सांगावे. अट एकच : श्रद्धा, भक्ती, पवित्र आणि देव हे चार शब्द वापरायचे नाहीत. मुले आधी कुरकुरतात, मग समईची काजळी, घंटेची झिजलेली दोरी, दगडी पायरीचा गारवा असे एकेक लिहू लागतात. दुसऱ्या दिवशी तेच दृश्य आजीच्या नजरेतून लिहून घ्यावे.

लेखन तपासताना शिक्षकाने तीनच प्रश्न विचारावेत : पात्राला काय हवे आहे, ते मिळवताना त्याचे काय जाईल, आणि ऐकताना माझा विश्वास कोणत्या वाक्याला उडाला. मुलाच्या श्रद्धेवर किंवा अश्रद्धेवर लाल शाई चालवू नये. ती वाक्यासाठी राखून ठेवावी. पुढच्या वर्षी यांतल्याच दोघांकडे नव्या मुलांच्या कथांचे पहिले वाचन सोपवावे. आपल्याला कोणत्या प्रश्नाने मदत झाली हे त्यांच्या ताजे लक्षात असते, आणि दुसऱ्याला शिकवताना त्यांची स्वतःची कथाही सुधारते.

सुट्टी संपण्यापूर्वी कथांचे हस्तलिखित बांधून वाचनालयात ठेवावे. एक प्रत, मोठ्या अक्षरांत काढलेली, ज्या गुरवांनी किंवा आजींनी प्रथा समजावून सांगितली त्यांच्या घरी नेऊन द्यावी, आणि त्यांना ती वाचून दाखवण्याचे काम कथा लिहिणाऱ्या मुलानेच करावे.